साठ हजार फोटो आणि डिजिकॅम: एक पारख

गूगलनं २०१६ साली पिकासा हे फोटो लावण्याचं सॉफ्टवेअर बंद केलं. त्याआधी लोकांनी चेहऱ्यांना नावं देण्यात महिनेच्या महिने घातले होते. त्यांच्यापैकी ज्यांनी ती नावं फोटोच्या फाइलीत लिहिण्याचा पर्याय चालू केला नव्हता, त्यांची मेहनत प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या आयएनआय फाइलीत आणि संपर्कांच्या एका वेगळ्या एक्सएमएल फाइलीत अडकून पडली. फोटो नव्या कॉम्प्युटरवर गेले, आजोबांचं नाव मागेच राहिलं. फोटो लावण्याच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला म्हणून आधी एकच विचारावं: उद्या तू नसलास तर माझ्याकडे काय उरेल?

डिजिकॅमचं उत्तर चांगलं आहे, पण पहिल्या दिवशी चार सेटिंगं नीट लावली तरच. हे केडीई समुदायाचं मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. आठवी मालिका एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली आणि ही पारख त्या मालिकेची आहे. मेन्यूंची नावं इंग्रजीतली, तशीच देवनागरीत दिली आहेत. हिशेबासाठी धरलेला साठा मध्यम नागपुरी कुटुंबाचा: दोन-तीन फोन, एक कॅमेरा, जुन्या अल्बमचं स्कॅनिंग आणि व्हॉट्सॲपचा पूर, मिळून ६०,००० फोटो. सरासरी ४ एमबी धरली तर २४० जीबी. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला ३२ एमबीच्या वेगानं हा माल उतरवायला दोन तासांहून थोडं जास्त लागेल. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावा.

डिजिकॅममध्ये अल्बम म्हणजे डिस्कवरचं फोल्डर. फोटो कुठे आत ओढून नेला जात नाही. डिजिकॅममध्ये अल्बमचं नाव बदललं की फोल्डरचंही बदलतं. हे नवख्याला कोड्यात टाकतं, कारण अल्बममधून फोटो काढला म्हणजे तो डिस्कवरच्या फोल्डरमधूनच गेला. पण सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर फोल्डरांची मांडणी जशीच्या तशी राहते ती याचमुळे.

पहिल्यांदा उघडल्यावर तो फोटोंची जागा आणि डेटाबेसची (त्याच्या नोंदवहीची) जागा विचारतो. या दोन जागा वेगळ्या ठेवा. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतील. डेटाबेस मात्र कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवरच हवा. पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात एसक्यूलाइट या साध्या प्रकारचा डेटाबेस ठेवला तर कुलूप-किल्लीचा घोळ होऊन तो खराब होऊ शकतो. लाखभर फोटोंपर्यंत एसक्यूलाइट पुरतो. त्यापुढे मारियाडीबी या मोठ्या डेटाबेसचा विचार करावा, घरगुती साठ्याला त्या भानगडीत पडायची गरज नाही. लघुचित्रांचा डेटाबेस काही जीबीपर्यंत फुगतो, तेवढी जागा आधीच मोकळी ठेवा.

बाहेरची डिस्क जोडताना ती ‘रिमूव्हेबल मीडिया’ या गटातच जोडा. मग डिस्क काढलेली असली तरी डिजिकॅम तिची नोंद जपून ठेवतो आणि परत लावली की ओळखतो. ही ओळख ड्राइव्हच्या अक्षरावर नसते, डिस्कच्या अंतर्गत क्रमांकावर असते. डिस्क फॉरमॅट केली किंवा नव्या डिस्कवर माल हलवला की तो क्रमांक बदलतो आणि सगळा संग्रह ‘ऑफलाइन’ दिसू लागतो. अशा वेळी घाबरून नवा संग्रह जोडू नका. सेटिंगमध्ये जुन्याच संग्रहाला नवी जागा दाखवा.

आता मेटाडेटाचं, म्हणजे फोटोबद्दलच्या माहितीचं सेटिंग. सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा.

सुरुवातीलाच डिजिकॅम विचारतो की टॅग, तारे, शीर्षकं फाइलीत लिहायची की फक्त डेटाबेसमध्ये ठेवायची. लोक ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबत जातात आणि काय निवडलं हे नंतर आठवत नाही. म्हणून सेटिंग्जमधल्या मेटाडेटाच्या पानावर जाऊन खात्री करा: टॅग, शीर्षक व मजकूर, तारे, रंग-खुणा, चेहऱ्यांचे टॅग, तारीख, स्थान या सगळ्यांसमोर खूण हवी. मग ‘साइडकार’चं पान. साइडकार म्हणजे फोटोशेजारी त्याच नावानं बसणारी छोटी एक्सएमपी फाइल. जेपीईजीमध्ये माहिती सरळ आतच लिहावी. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलींना आणि व्हिडिओंना हात न लावता साइडकार करावी. आयफोनच्या एचईआयसी प्रकारच्या फोटोंनाही साइडकारच बरी, कारण डिजिकॅमचं नेहमीचं मेटाडेटा-इंजिन त्या प्रकारात लिहीत नाही. एक्झिफटूल या वेगळ्या साधनाकडे काम सोपवायचा पर्याय आहे, पण तो बराच संथ. साइडकार लिहिण्याची खूण केली की वाचण्याची खूणही करा. ती राहिली तर नव्या कॉम्प्युटरवर टॅग शेजारी असूनही दिसत नाहीत.

जेपीईजीच्या आत लिहिण्याची किंमतही आहे. एक टॅग जोडला की पूर्ण फाइल बदलली असं बॅकअपला वाटतं. साठ हजार फोटोंना एका संध्याकाळी ‘नागपूर’ असा टॅग लावलात, तर क्लाउडवर २४० जीबी पुन्हा चढायला लागेल. उपाय दोन. मोठे टॅग-बदल होत असताना बॅकअप थांबवून ठेवा, आणि ‘लेझी सिंक्रोनायझेशन’ चालू करा, म्हणजे दर टॅगला लगेच न लिहिता बदल साठवून एकदम लिहिले जातात. मात्र लेझी चालू असेल तर लिहिणं बाकी असलेल्या फाइलींचा आकडा खालच्या पट्टीत पाहून, ते काम उरकून मगच डिस्क काढा.

टॅग मराठीत लावता येतात का? येतात, आणि शोधही नीट लागतो. पण एक जुना खड्डा आहे. माहिती फाइलीत तीन ठिकाणी लिहिली जाते: एक्झिफ (तारीख, स्थान अशी कॅमेऱ्याची नोंद), आयपीटीसी (टॅग-शीर्षकांची जुनी पद्धत) आणि एक्सएमपी (त्यांचीच नवी पद्धत). आयपीटीसीच्या जुन्या मानकात एका कीवर्डला ६४ बाइटांची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त, सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ हा टॅग ५९ बाइटांत बसतो. त्यापुढे ‘२०२३’ देवनागरी आकड्यांत जोडलं की ७२ होतात. इंग्रजी आकड्यांत जोडलं तर काठोकाठ ६४. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, त्यामुळे डिजिकॅममध्ये पूर्ण नाव दिसतं आणि आयपीटीसीच वाचणाऱ्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरात अर्धं. टॅग आखूड ठेवा, साल टॅगमध्ये घालूच नका. त्यासाठी तारीख आहे.

टॅग झाडासारखे रचता येतात: ‘स्थळ’च्या खाली ‘नागपूर’, त्याखाली ‘फुटाळा’, ‘दीक्षाभूमी’, ‘महाल’. ‘प्रसंग’च्या खाली ‘मारबत’, ‘तान्हा पोळा’, ‘लग्न’. तीन पातळ्यांच्या खाली उतरू नका. आणि एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहू नका: एकदा ‘सीताबर्डी’, एकदा ‘बर्डी’ असं केलं की सहा महिन्यांनी दोन टॅग आणि अर्धे-अर्धे फोटो होतात.

फोल्डरांना मात्र प्रसंगांची नावं देण्याआधी तारीख द्या, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं: ‘२०२३-०९-१५ मारबत’, ‘२०२३-१०-२४ दीक्षाभूमी’. प्रत्यक्ष नावात आकडे इंग्रजी वापरा. क्रमवारी सगळीकडे सारखी लागते. फाइलींची नावंही एकदाच बदलून घ्या. सगळे फोटो निवडून एफ२ दाबलं की नाव बदलायची खिडकी येते. तिथे तारीख-वेळेचा साचा घ्यायचा आणि त्यामागे मूळ नाव ठेवायचं. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा एकवर येतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन-तीन फोटो साठ्यात असतातच. नाव बदलण्याआधी तारखा दुरुस्त करा. उलट क्रमानं केलंत तर चुकीची तारीख नावातही जाऊन बसेल.

तारखांचं दुखणं चार प्रकारचं असतं. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रात एक्झिफ नसतंच, ते वाटेत गळतं. उरते ती नावातली तारीख, आणि ती फोटो काढल्याची नसून या फोनवर आल्याची असते. २०१५ च्या लग्नाचा फोटो काकूंनी २०२१ मध्ये पाठवला तर नावात २०२१. ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’मध्ये फाइलीच्या नावातून तारीख घेण्याचा पर्याय आहे, तो वापरा, पण या फोटोंना ‘व्हॉट्सॲप’ असा टॅगही लावा, म्हणजे या तारखेवर विसंबायचं नाही हे कळेल. नावातल्या ‘डब्ल्यूए’नंतरच्या चार आकड्यांना काही साधनं तास-मिनिटं समजतात, तेव्हा आधी पाच फोटोंवर करून पाहा. कुणाकडून चांगला फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. तसा पाठवला की मूळ फाइल एक्झिफसकट येते.

दुसरं, गूगल फोटोजमधून टेकआउट या गूगलच्याच सोयीनं आणलेला माल. १ जून २०२१ पासून गूगलनं अमर्याद मोफत साठवण बंद केली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. त्यामुळे बरेच जण फोटो खाली उतरवतात. तिथे दुरुस्त केलेल्या तारखा आणि स्थानं फोटोत नसतात, शेजारच्या जेसन या मजकुराच्या फाइलीत असतात, आणि डिजिकॅम त्या फाइली वाचत नाही. त्या आधी एक्झिफटूलसारख्या साधनानं फोटोत ओतून घ्याव्या लागतात. लांब नावं टेकआउट कापतो, त्यामुळे काही फोटोंची त्यांच्या जेसनशी जोडी जुळत नाही. ती हातानं जुळवावी लागते. शिवाय जेसनमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. साडेपाच तास जोडले नाहीत तर पहाटे साडेपाचच्या आतला प्रत्येक फोटो आदल्या दिवशी जाऊन पडतो. कोजागिरीचं दूध आटोपून रात्री एक वाजता काढलेला फोटो कोजागिरीच्याच दिवसाखाली दिसला, तर तो योगायोगानं बरा वाटतो एवढंच.

तिसरं, व्हिडिओ. एमपी४ च्या मानकात वेळ यूटीसीत लिहायची असते, पण कित्येक कॅमेरे स्थानिक वेळच लिहितात. प्रत्येक उपकरणाचा एकेक व्हिडिओ त्याच वेळच्या फोटोशेजारी ठेवून फरक पाहा, आणि त्या उपकरणाच्या सगळ्या व्हिडिओंना एकदाच तेवढी वेळ जोडा.

चौथं, स्कॅन. जुने चार बाय सहाचे प्रिंट ६०० डीपीआयनं स्कॅन केले तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. न दाबलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबी. तारीख मात्र स्कॅन केल्याची पडते. साल तेवढं माहीत असेल तर १ जानेवारी टाका आणि ‘तारीख अंदाजे’ असा टॅग लावा. नाहीतर घरातल्या निम्म्या मंडळींचा वाढदिवस १ जानेवारीला होता असं पुढच्या पिढीला वाटेल.

दुहेरी फोटो शोधणं हे डिजिकॅमचं खरं बळ आहे, आणि धोकाही. आधी ‘मेंटेनन्स’मधून फोटोंचे ठसे तयार करून घ्यावे लागतात, साठ हजारांना काही तास लागतात. हे ठसे फोटोची छोटी प्रत करून तिच्या आकारांवरून घेतले जातात. त्यामुळे नाव, आकार, तारीख बदलली तरी व्हॉट्सॲपची साधारण १६०० पिक्सेलची प्रत आणि कॅमेऱ्याची मूळ फाइल तो बरोबर जोडीला लावतो. पण त्याच कारणानं बारीक फरक त्याला दिसत नाहीत. मारबतीच्या मिरवणुकीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात तेव्हा सलग काढलेले वीस फोटो त्याच्या लेखी एकच. त्यातल्या एकातच बडग्याचा पुतळा नीट फोकसमध्ये आहे हे तो जाणत नाही. म्हणून पहिली फेरी ९८ ते १०० टक्के साम्यावर, व्हॉट्सॲप आणि टेकआउटच्या फोल्डरांपुरती. मूळ कॅमेऱ्याचं फोल्डर ‘रेफरन्स’ म्हणून पुढे ठेवायची सोय आहे, ती वापरा, म्हणजे पुसायच्या यादीत नक्कलच येईल. ९० टक्क्यांची फेरी नंतर, डोळ्यांनी पाहत. सगळं निवडून एकदम पुसणं इथे कधीच करू नये.

चेहरे ओळखण्याचं काम तो तुमच्याच कॉम्प्युटरवर करतो, फोटो बाहेर जात नाहीत. पहिल्यांदा त्यासाठीचे मॉडेल काही शे एमबी उतरतात, मोबाइल डेटावर करू नका. ८ जीबी रॅमच्या खाली हे काम रडतखडत चालतं. ओळख गूगल फोटोजच्या तोडीची नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. लहान मुलं, गॉगल, फेटे यांत चुका होतात आणि प्रत्येक सूचना तुम्हाला पक्की करावी लागते. शोधाची कक्षा फक्त घरगुती अल्बमांपुरती ठेवा. दीक्षाभूमीच्या गर्दीच्या फोटोंवर हा शोध सोडला तर हजारो अनोळखी चेहऱ्यांची रांग लागते आणि ती उपसता उपसत नाही. नावं एक्सएमपीत प्रमाणित पद्धतीनं, चेहऱ्याच्या चौकटीसकट लिहिली जातात, म्हणजे पिकासावाली गत होत नाही.

ठसे, लघुचित्रं, चेहरे ही तिन्ही कामं डिस्कला तासन्‌तास पळवतात, आणि इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्कच्या तपशीलपत्रात चालू असतानाच्या खोलीच्या तापमानाची वरची मर्यादा ३५ अंश असते. मे महिन्यात दुपारी इथे बंद खोली सहज तिच्या वर जाते. ही कामं रात्री लावा, किंवा सरळ दिवाळीनंतर. डिस्क कूलरच्या झोतात ठेवणं हा उपाय नव्हे. ती हवा ओली असते आणि टाकीतल्या क्षारांचे बारीक थेंब सोबत आणते. बर्डीवर खरेदीला जाताना डिस्क गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको. लाइन जाण्याचाही विचार हवा: लॅपटॉपला बॅटरी आहे, पण डेस्कटॉप यूपीएसशिवाय असेल तर इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या क्षणात तो बंद पडतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल राहते. एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तर जास्तच, कारण त्या पद्धतीत जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद नसते.

बॅकअप डिजिकॅम करत नाही. फोटोंच्या प्रती वेगळ्या साधनानं घ्या. डेटाबेससाठी डिजिकॅम बंद करून ‘डिजिकॅम४’ नावाची डीबी फाइल कॉपी करा. लघुचित्रांची फाइल सोडली तरी चालेल, ती पुन्हा तयार होते. एक प्रत दुसऱ्या वस्तीत ठेवा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांतल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. तिथे एकाच कपाटात ठेवलेली डिस्क आणि तिचा बॅकअप यांचं नशीब एकच. प्रतीसाठी पेन ड्राइव्ह फार स्वस्त मिळाला तर आधी एचटूटेस्टडब्ल्यू या तपासणीच्या साधनानं पूर्ण भरून तपासा. १ टीबीचा शिक्का आणि आत ३२ जीबी, असा माल बाजारात असतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. नकाशावर फोटो ओढून टाकून रामटेकचं स्थान देणं सोपं आहे. फोटो संपादन कामापुरतं. व्हिडिओ पाहता येतो, कापण्यासाठी दुसरं काही घ्या. रॉ आणि जेपीईजी अशी जोडी असेल तर ‘ग्रुप बाय फाइलनेम’नं एकत्र बांधा, पण गट मिटलेला असताना हलवणं-पुसणं पूर्ण गटाला लागू करायचं की वरच्या एकाला, हे सेटिंग आधी पाहून घ्या. पाच-सात हजार फोटो असतील आणि शोधून दाखवणं एवढंच हवं असेल तर डिजिकॅम जड पडेल. फोनमधलं ॲप पुरे. पेंच-ताडोब्याचे रॉ फोटो बारकाईनं रंगवायचे असतील तर ॲडोबीचं लाइटरूम पुढे आहे, मात्र त्याचं भाडं भरत राहावं लागतं.

डिस्क भरत आली तर एक जागा विसरू नका. डिजिकॅममध्ये पुसलेला फोटो विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. प्रत्येक संग्रहाच्या मुळाशी डिजिकॅमचं एक लपलेलं कचऱ्याचं फोल्डर असतं, तिथे तो पडून राहतो. ते डिजिकॅममधूनच रिकामं करावं लागतं.

आठवडाभर काम झालं की टॅग लावलेले दहा फोटो पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरात उघडा. टॅग दिसले नाहीत तर ते अजून डेटाबेसमध्येच आहेत. अशा वेळी अल्बम मेन्यूत दोन आज्ञा सापडतील. ‘राइट मेटाडेटा टू फाइल्स’ डेटाबेसमधलं फोटोत लिहिते. ‘रीरीड मेटाडेटा फ्रॉम फाइल्स’ फोटोतलं वाचून डेटाबेसवर लादते, आणि फोटोत काही नसेल तर डेटाबेसमधले टॅग जाऊ शकतात. दाबायची ती पहिली. दाबण्याआधी नाव पुन्हा एकदा वाचा.